जाड चाकांचे इंजिन

मिरज जंक्शनच्या पुलावर उभे राहिले की खाली तीन मापांचे रूळ दिसत, त्या काळातले माझे लहानपण आहे. पुण्याकडे जाणारी ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची, लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज नावाप्रमाणेच 1000 मिलिमीटरची आणि पंढरपूरकडे रमतगमत निघणारी नॅरोगेज अवघ्या 762 मिलिमीटरची. अण्णा रेल्वेत नोकरीला होते. रुळांमधले अंतर एका रुळाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचे असते, हे त्यांनी मला त्या पुलावरच सांगितले आणि मी ते पाठ केले. पुढे आयुष्यात ते ज्ञान कुठे उपयोगी पडेल असे काही वाटले नव्हते. आज पेनसिल्व्हेनियातल्या घराच्या तळघरात, टेबलावरच्या दिव्याखाली, डोळ्याला भिंग लावून मी तेच अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजत बसतो, आणि ते 16.5 मिलिमीटर भरते.

छोट्या रेल्वेच्या, म्हणजे खऱ्या रेल्वेची लहान मॉडेले करण्याच्या छंदाच्या, जगात या मापाला एच-ओ म्हणतात. मूळ वस्तूच्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे एकास 87.1, असे हे प्रमाण आहे. फूट आणि मिलिमीटर यांचा हा संसार कोणी जुळवला कोण जाणे, पण तो टिकला आहे खरा. अमेरिकेतल्या खऱ्या रुळांमधले अंतर 1435 मिलिमीटर असते. त्याला 87.1 ने भागले की 16.48 येतात. म्हणजे एच-ओचे रूळ जवळजवळ बिनचूक आहेत. इंग्लंडातल्या छंदिष्टांना हे भाग्य लाभलेले नाही. त्यांच्या गाड्या फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणाच्या असूनही याच 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर धावतात, आणि ज्यांना हे सहन होत नाही ते बिचारे 18.83 मिलिमीटरचे रूळ स्वतः घालतात. मी मात्र अनेक वर्षे अशा समजुतीत होतो की आपले सगळे ठीक आहे. रूळ ठीकच होते. त्यांच्यावर धावणारी चाके मी मोजली नव्हती.

माझे इंजिन जीपी-9 आहे. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाने 1954 पासून इलिनॉयमधल्या ला ग्रेंज इथे बांधलेले, चार आसांचे, 1750 अश्वशक्तीचे हे डिझेल. जीपी म्हणजे ‘जनरल पर्पज’, पडेल ते काम करणारे. रेल्वेतले लोक त्याला लाडाने ‘गीप’ म्हणत. दिसायला ते अगदीच साधे आहे. लांबट खोके, त्याच्या एका टोकाजवळ चालकाची खोली आणि दोन्ही बाजूंनी कठड्याची अरुंद वाट. मिरजेच्या ब्रॉडगेजवर पुढे जी डब्ल्यूडीएम-2 इंजिने पाहिली तीही अशीच खोक्यासारखी, आणि तीही अमेरिकेतल्याच अल्को कंपनीच्या आराखड्यावरची. त्यामुळे या इंजिनाविषयी मला परकेपणा कधी वाटला नाही. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर स्ट्रासबर्गचे रेल्वे संग्रहालय आहे. पेनसिल्व्हेनिया रेलरोड या जुन्या रेल्वे कंपनीचे एक जीपी-9 तिथे ठेवलेले आहे. एके दिवशी मी त्याच्या चाकाशी उकिडवा बसलो, नजर रुळाच्या पातळीला आणली, आणि घरच्या मॉडेलमध्ये इतकी वर्षे काय खटकत होते ते त्या क्षणी कळले. खरे चाक सडपातळ असते.

आकडेच सांगतो. खऱ्या चाकाची रुंदी साधारण 145 मिलिमीटर असते. आपल्या प्रमाणात ती 1.67 मिलिमीटर व्हायला हवी. मॉडेलचे नेहमीचे चाक 2.79 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ 24 सेंटिमीटर. फ्लँज, म्हणजे रुळाच्या आतल्या बाजूला खाली उतरणारी चाकाची कड, प्रत्यक्षात इंचभर खोल असते. मॉडेलवर ती सव्वादोन इंच भरेल इतकी खोल. चाके जाड झाली की त्यांच्या बाहेर असणाऱ्या बोगीच्या, म्हणजे आस आणि चाके धरणाऱ्या चौकटीच्या, बाजवा आणखी बाहेर सरकवाव्या लागतात, आणि मग समोरून पाहिले की इंजिन मोठ्या माणसाच्या वहाणा घालून निघालेल्या पोरासारखे दिसते. एकदा हे दिसले की दिसतच राहते.

यात उत्पादकांना दोष देण्यात अर्थ नाही. 1935 साली मिलवॉकीत अमेरिकी छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना निघाली ती मुळात एकाचे इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर चालावे म्हणून, आणि तिने ठरवलेली चाके गालिच्यावर मांडलेल्या वाकड्यातिकड्या रुळांनाही सांभाळून घेतात. जाड चाक क्षमाशील असते. बारीक चाकाला क्षमा ठाऊक नाही. प्रोटो-87 नावाचे जे बारीक माप आहे त्यात चाकाची रुंदी 1.63 मिलिमीटर असते आणि फ्लँजची खोली 0.3 मिलिमीटरच्याही आत. वहीची तीन पाने एकावर एक ठेवावीत, तेवढाच काय तो आधार, आणि त्याच्या भरवशावर इंजिन वळणावर टिकायचे.

चाके बदलण्याचे काम तसे अवघड नाही. जीपी-9च्या या मॉडेलमध्ये प्रत्येक आस दोन तुकड्यांचा असतो. मध्ये प्लास्टिकचे दातेरी चाक आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी खोचलेले अर्धे आस. जुनी चाके हलक्या हाताने पिळत ओढून काढायची, नवी बसवायची आणि अंतर मोजायचे. माझ्या पहिल्या प्रयत्नात प्लास्टिकच्या दातेरी चाकाला उभी चीर गेली आणि इंजिन दर फेऱ्याला ‘टक’ असा आवाज करत लंगडू लागले. ते दातेरी चाकच बदलावे लागले. हे सगळे एका रविवारात झाले. त्याच संध्याकाळी मी नव्या चाकांचे इंजिन मोठ्या अभिमानाने जुन्या रुळांवर सोडले. सरळ रुळांवर ते सुरेख गेले. गाडी रूळ बदलते अशा पहिल्याच सांध्याच्या क्रॉसिंगवर, जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो आणि फ्लँज जाण्यासाठी फट ठेवलेली असते, तिथे पुढचे चाक त्या फटीत पडले. फट जाड चाकासाठी ठेवलेली होती. बारीक चाकाला ती खड्ड्यासारखी. म्हणजे आता सांधाही नवा बांधणे आले.

सांधा बांधला. दोन महिने गेले. मग लक्षात आले की सांध्यावर नसतानाही एखादे चाक अधूनमधून किंचित अधांतरी राहते. त्याचे कारण आपल्या स्वयंपाकघरात सापडते. शहाबादी फरशीवर ठेवलेला चौरंग बहुधा डुगडुगतो, पण तिवई कधीच डुगडुगत नाही, कारण तीन पायांना जमीन कशीही असली तरी चालते. मॉडेलच्या ताठ बोगीची चार चाके म्हणजे चौरंग. खऱ्या इंजिनाखाली मार्टिन ब्लोम्बर्ग या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी बोगी असते आणि तिच्या स्प्रिंगा हे खाचखळगे पोटात घेतात. मी बोगीतला एक आस जागी पक्का ठेवला आणि दुसरा मधोमध एका पितळी तारेवर टेकवला, म्हणजे तो तराजूच्या दांडीसारखा दोन्हीकडे झुकू शकेल. चौरंगाची तिवई झाली आणि चाके रुळाला धरून राहिली. बाजवा आत सरकवल्या. समोरून पाहिले, तर पोराच्या पायातल्या मोठ्या वहाणा गेलेल्या होत्या.

इथे थोडे विषयांतर करतो. याच देशाच्या दक्षिण भागातल्या रेल्वेचे रूळ एके काळी पाच फुटांचे होते. 31 मे आणि 1 जून 1886 या दोन दिवसांत तिथल्या कामगारांनी हजारो मैलांचा एकेक रूळ तीन इंच आत सरकवला. आतल्या बाजूचे खिळे आधीच ठोकून ठेवलेले होते, आणि इंजिनांची व डब्यांची चाकेही आसांवर आत घ्यावी लागली. दोन दिवसांत! गंमत अशी की एच-ओहून मोठ्या, एकास 48 प्रमाणाच्या ओ मापात अमेरिकी छंदिष्टांनी सव्वा इंचाचे रूळ कायम ठेवले, आणि सव्वा इंच गुणिले 48 म्हणजे बरोबर पाच फूट. जे अंतर खऱ्या रेल्वेने 1886 साली टाकून दिले ते खेळण्याच्या रेल्वेत अजून नांदते आहे. त्यातले काही हट्टी लोक 1.177 इंचांचे रूळ घालून आपले 1886 आपापल्या घरी साजरे करतात. त्यांना दोन दिवस पुरत नाहीत, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

चाके सुधारली की वरचे अंग नजरेत खुपू लागते. जुन्या साच्यातल्या काही मॉडेलांत मोटर रुंद म्हणून लांबट खोकेच रुंद केलेले असायचे, आणि ते उभे कापून मधली पट्टी काढून पुन्हा जोडण्याचे उद्योग लोकांनी केलेले आहेत. माझे मॉडेल नंतरचे, त्यामुळे मी त्यातून वाचलो. पण कठडा मोजला तर 0.8 मिलिमीटर जाड निघाला. खऱ्या मापात सात सेंटिमीटर; एखाद्या पैलवानाच्याही मुठीत मावायचा नाही. तो काढून 0.35 मिलिमीटरच्या तारेचा केला. सर्वांत जास्त वेळ मात्र हातधरण्यांनी खाल्ला. इंजिनाच्या टोकाला एकाखाली एक अशा ज्या लोखंडी कड्या असतात, ज्यांना धरून कामगार वर चढतो, त्या मॉडेलवर प्लास्टिकच्या फुगीर रेघा असतात. बारीक पटाशीने त्या तासून काढायच्या, खालचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने गुळगुळीत करायचा आणि मग प्रत्येक कडीसाठी 0.34 मिलिमीटरची दोन भोके पाडायची. हे गिरमिट बोटांत धरून फिरवायचे असते आणि त्याचे पाते इतके नाजूक की नुसत्या उच्छ्वासाने मोडेल असे वाटते. माझी अकरा मोडली. खरी कडी पाऊण इंच जाडीची आणि बहुधा दीड फूट रुंद असते. आपल्या प्रमाणात ती 0.22 मिलिमीटर जाड आणि सव्वापाच मिलिमीटर रुंद हवी. मी 0.25ची तार वापरली, कारण त्याहून बारीक तार वाकवताना कोपरा गोल होतो आणि कडी कडी न दिसता वाकलेली टाचणी दिसते. इथे मापाशी मी तडजोड केली, आणि तिची मला लाज वाटत नाही.

पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या पुष्कळ इंजिनांच्या छपरावर खुंट्यांवर उभारलेली एक लांब नळी दिसत असे. जुन्या चाळीच्या गॅलरीत धोतरे वाळत घालायला असते तशीच. ती ट्रेनफोनची अँटेना. रुळांच्या कडेने जाणाऱ्या तारांमधून, विद्युतप्रवर्तनाने, चालक आणि गार्ड यांच्यात बोलणे होई. ती नळी पितळी तारेची केली, प्रत्येक खुंटीला कथिलाचा डाग दिला. चौथ्या खुंटीला डाग देताना तिसरीचा सुटला आणि तिसरीला देताना चौथीचा, असे काही वेळ चालले. मग ओल्या कापसाने तिसरी थंड ठेवली तेव्हा कुठे दोघी एकत्र नांदल्या. वर त्या कंपनीचा हिरवा रंग दिला. तो हिरवा इतका गडद असतो की आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाने इंजिन काळे आहे असेच म्हटले आहे.

इतके झाल्यावर भोंग्याची पाळी आली. मॉडेलवर घातलेल्या क्रमांकाच्या खऱ्या इंजिनाचा माझ्याकडे एकच फोटो होता, आणि त्याबरहुकूम भोंगा बसवून मी मॉडेल ठेवायच्या खोक्यावर पेन्सिलीने त्या रूपाचे साल ‘1956’ असे लिहून ठेवले होते. मागच्या महिन्यात जुन्या फोटोंच्या बाजारात त्याच इंजिनाचा दुसरा फोटो मिळाला. मागे तारीख होती 1956 सालची, आणि त्यात भोंगा भलतीकडेच होता. माझ्याजवळचा पहिला फोटो पाहिला. त्याच्यावर तारीख नव्हतीच, ती मीच गृहीत धरली होती. भोंगा काढायचा तर छपराला दोन भोके बुजवायची, पुन्हा घासायचे, पुन्हा रंगवायचे, आणि ट्रेनफोनच्या नळीला धक्का लागला की तिसरी आणि चौथी खुंटी आहेतच. दोन दिवस विचार केला. मग रबराने ‘1956’ पुसले आणि ‘1959’ लिहिले. आता त्या इंजिनामागे जे माल डबे जोडतो त्यांच्यावरच्या तपासणीच्या तारखा भिंगाखाली पाहायला घेतल्या आहेत, कारण त्या सगळ्या 1956 च्या आहेत.