तुम्ही विचारलंत म्हणून: कथक येत असताना बॅले कशाला?

"कथकची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीये ना तुझी, मग कॉलेजात जाऊन परत बॅलेच्या पहिलीत कशाला बसलीस? आणि एकोणिसाव्या वर्षी ते जमतं तरी का?" हे मला मावशीकडच्या सत्यनारायणाला विचारून झालंय, कथकच्या क्लासबाहेर थांबलेल्या आयांनी विचारलंय, आणि गेल्या महिन्यात नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एका काकूंनी हात धरून थांबवून विचारलं. त्यांची मुलगी एफवायला आहे, लहानपणापासून कथक करते आणि आता तिला बॅले शिकायचंय. चालता चालता मी जे सांगितलं ते अर्धवटच राहिलं, काकूंना दुधाची पिशवी घेऊन घरी जायचं होतं, म्हणून आता नीट लिहिते.

मी सेकंड इयरला असताना को-करिक्युलर क्रेडिटच्या यादीत नुसतं "डान्स" असं लिहिलेलं होतं, आम्हाला सगळ्यांना वाटलं बॉलिवूड असणार, गॅदरिंगची तयारी होऊन जाईल. पहिल्या शनिवारी कळलं की बॅलेचं बेसिक टेक्निक आहे. मॅम मुंबईहून सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने यायच्या, नाशिकरोडवरून रिक्षाने कॉलेजला, ११ ते १ क्लास आणि संध्याकाळच्या तपोवनने परत. आम्ही पहिल्या दिवशी बावीस जण होतो, दिवाळीनंतर नऊ उरलो. बार म्हणजे भिंतीला कमरेच्या जरा वर लावलेला दांडा, तो आमच्याकडे नव्हता, मग जिमखान्याच्या हॉलमधल्या गॅलरीचं स्टीलचं रेलिंग धरायचं. धरायचं म्हणजे नुसता हात ठेवायचा, मॅम मधूनच येऊन आमची बोटं उचलून बघायच्या, घट्ट चिकटलेली असली की म्हणायच्या रेलिंग तुला सांभाळणार नाहीये, पोट आणि पाठ सांभाळणार आहे.

पहिल्या दिवशी फक्त उभं राहायला शिकवलं. फर्स्ट पोझिशन, टाचा एकमेकींना लागलेल्या, पावलं बाहेरच्या बाजूला. सगळ्यांनी फोटोत बघितलेलं असतं की पावलं एका सरळ रेषेत येतात, त्यामुळे सगळ्यांनी पावलं ओढून ओढून सरळ रेषेत आणली. मॅम माझ्यासमोर खाली बसल्या, माझ्या गुडघ्याच्या वाटीवर दोन बोटं ठेवली आणि विचारलं, "हा कुठे बघतोय?" गुडघा समोर बघत होता आणि पाऊल भिंतीकडे. त्यांनी माझी पावलं दोन्ही हातांनी धरून आत आणली, इतकी आत की मला वाटलं आता हे काही बॅले राहिलं नाही, जेमतेम वडापावच्या कागदाच्या पुडीएवढा कोन उरला. मग म्हणाल्या हे तुझं आहे, एवढंच तुझं आहे, आणि यावर आपण काम करू.

हे मी एवढं सविस्तर सांगतेय कारण बारा वर्षांची असताना एका उन्हाळी शिबिरात मला फुलपाखरासारखे पाय दुमडून बसवून एका सरांनी गुडघे वरून दाबले होते, "लवचिक व्हायला पाहिजे" म्हणून, आणि पुढचे दोन महिने मी जिना उतरताना कठडा धरत होते. तेव्हा मला वाटलं होतं माझंच शरीर कडक आहे. टर्नआउट म्हणजे पाय बाहेर वळणं हे खुब्यातून होतं, मांडीचं हाड खुब्याच्या वाटीत फिरतं, आणि ते किती फिरेल हे बरंचसं तुमच्या हाडाच्या घडणीवर ठरतं, ते दाबून वाढत नाही. खुब्यातून नाही मिळालं आणि पावलातून ओढलं की मधे जो सापडतो तो गुडघा, आणि तळपायाची कमान आत कोसळते ती वेगळीच. गुडघा नेहमी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत यायला हवा, हे एक वाक्य मला बाराव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही मनापासून वाटतं.

मग प्लिए. फ्रेंचमधे त्याचा अर्थ वाकवलेलं. सगळे शब्द फ्रेंचच आहेत कारण हा प्रकार इटलीच्या दरबारांतून फ्रान्सला गेला आणि तिथे शास्त्र म्हणून बसवला गेला, चौदावा लुई स्वतः नाचायचा, १६५३ साली तो दरबारच्या बॅलेत उगवता सूर्य झाला होता आणि १६६१ साली त्याने नृत्याची अकादमीच काढली. मला हे ऐकून एकदम वाजिद अली शाह आठवला, लखनौचा नवाब, तोही स्वतः नाचायचा आणि त्याच्या दरबारात कथक बहरलं. तर दमी-प्लिए म्हणजे अर्धं वाकणं, टाचा जमिनीवरून न सुटता. ग्रां प्लिए म्हणजे पूर्ण खाली, तिथे टाचा उचलतात, पण सेकंड पोझिशनमधे, म्हणजे पावलं एकमेकांपासून लांब असताना, उचलत नाहीत. बघायला हे उठाबशांसारखं दिसतं. पण खाली जाताना वर जायचं असतं, म्हणजे गुडघे खाली वाकतायत आणि डोक्याचा शेंडा छताकडेच राहिलाय, हे मला समजायला दोन महिने लागले आणि समजलं त्या दिवशी मांड्या आतल्या बाजूने थरथरत होत्या, ज्या स्नायूंची मला आठ वर्षं कथक करून ओळखच नव्हती.

आता मुख्य गोष्ट, कथकवाल्यांसाठी. आपलं पाऊल जमिनीला बोलतं करतं. तत्कार म्हणजे कथकचं पायकाम, तळवा सपाट आणि आवाज, शंभर घुंगरं पायात, जमिनीने उत्तर द्यायलाच पाहिजे. बॅलेत पहिला व्यायाम येतो तांद्यू, म्हणजे ताणलेलं, आणि त्यात पाऊल जमीन सोडतच नाही पण आवाजही करत नाही. टाच आधी उचलते, मग चवडा जमिनीवर दाबत सरकतो, मग चवडाही सुटतो आणि फक्त बोटांची टोकं टेकलेली राहतात, आणि परत येताना अगदी त्याच वाटेने उलटं, बोटं, चवडा, टाच. मोजे घालून कोटा फरशीवर हे करताना सुती कापड घासल्याचा एक बारीकसा आवाज येतो तेवढाच. जानेवारीत नाशिकची थंडी असते तेव्हा फरशी इतकी गार की पहिले दहा मिनिटं पावलाला काही कळतच नाही, आम्ही स्वेटर घालून तांद्यू करायचो आणि पंधरा मिनिटांनी एकेक स्वेटर रेलिंगवर.

पहिले काही आठवडे एकला पाय बाहेर, दोनला आत. मग एका शनिवारी मॅमनी उलटं केलं, म्हणाल्या आता "अँड"ला बाहेर आणि "वन"ला बंद. सगळे गडबडले. पाय नेहमी एक मात्रा मागे राहत होता. आणि मला एका क्षणात उमगलं, अहो ही तर सम आहे, तालाची पहिली मात्रा! आपण तुकडा नाचताना समेवर येतो, समेवरून निघत नाही, सगळी धावपळ आधी होऊन जाते आणि "धा"ला शरीर स्थिर असतं, तसंच हे, बाहेर जाणं म्हणजे तयारी आणि पाय बंद होणं म्हणजे सम. मी शेजारच्या मुलीला तसं सांगितलं, ती कथक वगैरे काही शिकलेली नव्हती, तिला मी टाळी देऊन तीनतालात दाखवलं आणि तिचंही बसलं. मॅमनी थांबून विचारलं काय करताय, मग त्यांनी सगळ्या वर्गाला टाळी द्यायला लावली. वॉल्ट्झच्या तीन मोजायला लागलो तेव्हाही मी मनात दादरा ताल धरायचे, तीन आणि तीन सहा, ठेका वेगळा आहे पण पाय हरवत नाही.

चक्कर मात्र आड आला. आपण चक्कर डाव्या टाचेवर घेतो, टाच हा खुंटा. बॅलेतल्या गिरकीत, म्हणजे पिरुएटमधे, टाच वर, वजन चवड्यावर आणि दुसरा पाय गुडघ्याशी उचललेला. नजर समोर टिकवून डोकं शेवटी वळवायचं हे मला आधीपासून येत होतं, त्याला ते स्पॉटिंग म्हणतात, पण मी वळायला लागले की टाच आपोआप खाली यायची, आठ वर्षांची सवय आहे ती. मॅमनी पिरुएट बंदच केला माझा. पूर्ण एक सेमिस्टर फक्त रेलेवे, म्हणजे चवड्यांवर चढायचं, थांबायचं, हळू उतरायचं. मी तेव्हा थोडी नाराज झाले होते, इतरांना अर्धा फेरा तरी मिळत होता, पण त्यांचं बरोबर होतं.

आमच्यात एक मुलगा ढोल पथकातला होता. नाशिक ढोल कमरेला बांधून तासन् तास वाजवायचा म्हणजे वजन तोलायला कंबर मागे झुकते आणि छाती पुढे येते, त्याच्या फासळ्या कायम उघड्या असायच्या. त्याला मॅमनी फक्त श्वास सोडायला शिकवलं, सोडताना फासळ्या बंद, आणि तशाच ठेवून हात वर. मिरवणुकीनंतर पाठ धरायची ती आता कमी धरते असं तो परवा सांगत होता. लय त्याच्याइतकी पक्की वर्गात कुणाचीच नव्हती.

उड्या आल्या त्या फार उशिरा आणि फार थोड्या. सोते, म्हणजे दोन्ही पायांवरून वर आणि दोन्ही पायांवर खाली. कोटा फरशी कठीण, खाली लाकूड नाही, धक्का सगळा नडगीला बसतो, म्हणून मॅम एका वेळी आठच मारू द्यायच्या, मग बस. त्या आठ उड्यांना त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि नुसतं ऐकायच्या. कुणाची टाच आपटली ते त्यांना न बघता कळायचं. बोटं, चवडा, टाच आणि प्लिए, म्हणजे तांद्यूची परतीची वाट आणि पहिल्या दिवसाचं वाकणं, तेच दोन्ही इथे जोडून वापरायचं होतं. ज्या दिवशी आठव्या उडीनंतर मॅम वळल्या आणि म्हणाल्या, "झाल्या का तुमच्या?" तेव्हा आम्ही नऊच्या नऊ जण ओरडलो होतो.

कथकच्या ताईंना सांगायला मी घाबरत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या दाखव काय शिकलीस. मी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरून प्लिए आणि तांद्यू दाखवलं. मग त्यांनी मला भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेलांचं सांगितलं, की त्या आधी बॅले शिकल्या, रशियन बॅले नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हाच्या कंपनीतल्या क्लिओ नॉर्डी यांच्याकडे, आणि पाव्हलोव्हानेच त्यांना आपल्या देशातल्या नृत्याकडे बघ म्हणून सांगितलं, पुढे त्या भरतनाट्यम शिकल्या आणि १९३६ साली त्यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली. ताई म्हणाल्या, बाई, पाय तुझेच आहेत, दोन्हीकडे तेच न्यायचेत. आता माझ्या तत्कारात आवाज स्वच्छ येतो कारण पाऊल उचलताना काय होतं ते मला कळतं, आधी मला फक्त आपटणं कळायचं.

आता काकूंचा खरा प्रश्न, जमतं का. प्रोफेशनल क्लासिकल बॅले करणारी मुलं दहा-अकराव्या वर्षाच्या आसपास रोजच्या पूर्णवेळ ट्रेनिंगला लागतात, त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी आठवड्याला दोन तासांनी सुरू करून मोठ्या कंपनीत "स्वान लेक" बॅलेतली हंसिणी होता येईल असं मी तुमच्या मुलीला सांगणार नाही. पण टेक्निक शिकता येतं, खरंखुरं आणि नीट, उलट या वयात कुणी "खुब्यातून" म्हटलं की काय म्हणतायत ते डोक्याला कळतं. पॉइंट शूजचा हट्ट करू देऊ नका, बोटांच्या टोकावर उभं राहायला आधी घोटा आणि पोटऱ्यांची काही वर्षांची नियमित तयारी लागते, मी ते केलेलं नाही आणि मला त्याची घाई नाही. क्लास बघायला जाल तेव्हा एवढंच बघा की शिकवणारी व्यक्ती मुलींच्या गुडघ्यांकडे बघतेय का, आणि कुणाचे पाय हाताने दाबतेय का. दाबत असेल तर परत या. पहिले दोन-तीन महिने मोजे पुरतात, लेगिंग अंगासरशी पाहिजे म्हणजे गुडघा दिसेल, ओढणी कमरेला नको.

आणि मऊ कॅनव्हासचे शूज घेतलेत की इलॅस्टिक बहुतेक वेळा एका बाजूने सुटंच येतं, ते घरीच शिवायचं. कमी पडलं तर मेन रोडला शिवणाच्या सामानाच्या दुकानात साधं पांढरं मिळतं. शूजची टाच आतल्या बाजूला दुमडा, दुमड जिथे कडेला येते तिथे पेन्सिलने खूण, मग मुलीला शूज घालून उभं करा, इलॅस्टिक पायावरून ताणून माप घ्या, सैल नको आणि वळ उठेल इतकं घट्टही नको. शिवताना कडेच्या पट्टीतून जी बारीक दोरी जाते तिच्यात टाका जाऊ देऊ नका, नाहीतर नंतर ती ओढता येत नाही. मी पहिल्या जोडाला तिच्यातूनच शिवलं होतं आणि शुक्रवारी रात्री अकराला आईने सगळं उसवून परत शिवून दिलं.