दहा मतांची राजधानी

बर्लिनमध्ये मराठी पर्यटकांना शहर फिरवून दाखवणं हा माझा व्यवसाय. मंडळी बहुतेक निवृत्त, आणि त्यांची मागणीही ठरलेली: हिटलर, भिंत, मग जेवण. 27 डिसेंबर 2023 ला सकाळी बातमी आली, जर्मनीचे माजी अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले आदल्या संध्याकाळी वारले. गटात सांगितलं, तर कुणालाच काही बोध होईना. "कोण हो हे?" एका मावशींनी विचारलं. मी त्या दिवसाचा ठरलेला क्रम गुंडाळून ठेवला आणि सगळ्यांना उंटर डेन लिंडेनवर घेऊन गेले.

तिथल्या क्रोनप्रिन्झेनपालै या राजवाड्यासमोर पर्यटक सहसा थांबत नाहीत. 31 ऑगस्ट 1990 ला इथे दोन्ही जर्मनींच्या एकीकरणाच्या करारावर सह्या झाल्या. पश्चिमेकडून सही करणारे गृहमंत्री शॉयब्ले. 3 ऑक्टोबरला देश एक झाला आणि 12 ऑक्टोबरला ओपेनाऊ गावातल्या प्रचारसभेत एका मनोरुग्णाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. वय अठ्ठेचाळीस.

"मग राजकारण सुटलं असेल," मावशी म्हणाल्या. छे! काही महिन्यांत ते कामावर हजर. आणि 20 जून 1991 ला पश्चिम जर्मनीच्या जुन्या राजधानीत, बॉनमध्ये, जुन्या जलकेंद्राच्या इमारतीत भरलेल्या संसदेत, त्यांनी व्हीलचेअरवरून एक गाजलेलं भाषण केलं. राजधानी बर्लिन ठरली होती, पण संसद आणि सरकार बॉनहून हलवायचं का, यावर दिवसभर खल चालला होता. पक्षाची शिस्त बाजूला, प्रत्येकाचं मत स्वतःचं. कुणी खर्च काढत होतं, कुणी बॉनकरांच्या नोकऱ्या. शॉयब्लेंचं म्हणणं, हा दोन शहरांमधला वाद नाहीच, सगळ्या देशाच्या भवितव्याचा प्रश्न आहे. त्यांचा मतदारसंघ ऑफेनबुर्ग, पार फ्रान्सच्या सीमेला लागून; बर्लिनकडून त्यांना मिळण्यासारखं काहीच नव्हतं. भाषणानंतर विरोधी पक्षाचे विली ब्रांट, म्हणजे माजी चॅन्सेलर (सरकारप्रमुख), उठून त्यांच्याकडे गेले आणि हात मिळवला. निकाल 338 विरुद्ध 320. दहा जणांनी मत फिरवलं असतं तर संसद बॉनलाच राहिली असती, आणि माझा धंदाही निम्म्यावर आला असता.

ब्रांडेनबुर्ग गेटला फोटो झाले आणि आम्ही विल्हेल्मश्ट्रासवरच्या अर्थमंत्रालयाकडे निघालो. करडी, अवाढव्य, मुळात हिटलरचा साथीदार गोअरिंग याच्या हवाईदल मंत्रालयासाठी बांधलेली इमारत. 2009 ते 2017 शॉयब्ले इथे अर्थमंत्री होते. 2014 मध्ये त्यांनी नवं कर्ज न काढता केंद्राचा वर्षाचा खर्च भागवला. 1969 नंतर हे पहिल्यांदाच जमलं. ते पद सोडताना मंत्रालयातले कर्मचारी काळे कपडे घालून अंगणात मोठ्या शून्याच्या आकारात उभे राहिले होते. शून्य तुटीला इथे 'काळं शून्य' म्हणतात, तेच ते!

गटात जिल्हा कोषागारात आयुष्य घालवलेले एक काका होते. आता त्यांना कंठ फुटला. "म्हणजे आमच्यातलाच, बिलं अडवणारा!"

"काका, ग्रीसची अडवली होती," मी म्हटलं. 2015 मध्ये ग्रीसने पाच वर्षं युरोमधून बाहेर राहावं, असा पर्याय त्यांच्या मंत्रालयाने मांडला होता. कर्जाच्या बदल्यात घातलेल्या काटकसरीच्या अटींनी तिथे पेन्शनी कापल्या गेल्या. पेन्शन हा शब्द उच्चारताच सगळा गट ग्रीसच्या बाजूने झाला. फक्त काका हटेनात: उधारी घेताना अटी वाचायच्या असतात.

मग मी दुसरी बाजूही सांगितली, कारण गेलेल्या माणसाबद्दल फक्त गोड बोलणं मला जमत नाही. नियमांचा हा कैवारी. पण शस्त्रांच्या दलालाकडून पक्षासाठी रोख एक लाख मार्क त्यांनी स्वीकारले होते, आणि संसदेत आधी ते कबूल केलं नव्हतं. 2000 साली पक्षाध्यक्षपद गेलं आणि ती खुर्ची आंगेला मेर्केलना मिळाली. एकीकरणाच्या वेळचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी वारस म्हणून जाहीर केलेला हा माणूस चॅन्सेलर कधीच झाला नाही. पुढे मेर्केलच्याच हाताखाली मंत्री झाला. 1972 पासून मरेपर्यंत, एक्कावन्न वर्षं, सलग खासदार मात्र राहिला. जर्मनीत इतकी वर्षं दुसरं कुणी राहिलेलं नाही.

"पण शून्य तूट चांगलीच ना?" काकांनी पुन्हा तिथेच आणलं. मी ए-45 महामार्गावरच्या राहमेडे पुलाचं सांगितलं: डिसेंबर 2021 मध्ये धोकादायक म्हणून बंद, मे 2023 मध्ये सुरुंग लावून पाडला. पैसे वाचवायच्या नादात दुरुस्त्या राहिल्या, असं इथे बरेच लोक म्हणतात. मलाही तसंच वाटतं. काकांना पटलं नाही. पूल पडला तर तो बांधकाम खात्याचा दोष, कोषागाराचा नव्हे, असं त्यांनी ठणकावलं. तेवढ्यात मावशींनी विचारलं, भिंत कुठे आहे. ती त्या मंत्रालयाला लागूनच उभी आहे, म्हणून सगळे तिकडे वळलो. काका आणि एक निवृत्त शिक्षिका ग्रीसवरून भांडत मागून येत होते.