पानिपत, एका दिवसात

रविवार, रात्री.

पानिपताहून परतलेल्या मराठी कुटुंबांची तक्रार बहुधा एकच असते: तिथे बघण्यासारखं काही नाही. नुसत्या जागेबद्दल ती खरीही आहे. गाडी थेट काला आंबला, म्हणजे १७६१ च्या लढाईच्या जागी, नेली, की कुंपणातला एक स्तंभ दिसतो. त्यावर इंग्रजी आणि उर्दू मजकूर, भोवती बाग. पंधरा मिनिटांत मुलं गाडीत जाऊन बसतात. म्हणून आधी संग्रहालय, मग रणांगण. हा क्रम मोडू नये.

दिल्लीपासून पानिपत ९० किलोमीटर. सकाळी सातला निघून मुरथलला पराठे खाल्ले, तरी दहापर्यंत पोचता येतं. एक अडचण हमखास येते. महामार्ग शहरावरून उड्डाणपुलाने जातो. पुलावर चढलात तर थेट कर्नालच्या बाजूला उतराल. पूल सुरू होण्याआधीच खालचा रस्ता धरावा. १४ जानेवारीलाच जायचा हट्टही नको. त्या दिवशी शौर्य दिनाची गर्दी असते आणि दाट धुकं पडलं तर महामार्गावर गाडी रांगते. फेब्रुवारी बरा. (लढाईच्या दिवशी संक्रांत होती असं आपण सर्रास म्हणतो, पण ती आधीच होऊन गेली होती. संक्रांतीची तारीख हळूहळू पुढे सरकते. १८६३ सालीसुद्धा ती १२ जानेवारीला होती. १४ जानेवारी १७६१ रोजी होती पौष शुद्ध अष्टमी, बुधवार.)

संग्रहालय लहान आहे, तास-दीड तास पुरे. ज्या आंब्यावरून जागेला नाव पडलं, त्याच्या लाकडाचं दार इथे आहे. पण वेळ द्यावा तो नकाशांना आणि हत्यारांना. मुलांना एवढंच दाखवावं: उत्तरेला पानिपत, पूर्वेला यमुना, दक्षिणेला दिल्ली. अब्दाली ऑक्टोबर १७६० मध्ये बागपतला यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. मराठे पानिपतला खंदक खणून राहिले, रसद तुटली. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा बुणगे (फौजेबरोबरचे नोकरचाकर), यात्रेकरू आणि बायकामुलंच जास्त; खाणारी तोंडं तेवढीच, धान्य संपत आलेलं. उपाशी मरण्यापेक्षा गोल बांधून (बायकामुलं मधे, फौज भोवती), तोफा आणि गारदी (कवायती बंदूकधारी पायदळ) पुढे ठेवून वाट काढायची, असं ठरलं.

तोफांपाशी अंमळ थांबावं. मराठ्यांच्या तोफा जड होत्या. अशा तोफेचं तोंड चटकन खाली करता येत नाही आणि शत्रू जवळ आला की गोळे डोक्यावरून निघून जातात. त्या दिवशी तेच झालं. अब्दालीच्या जंबुरका (हलक्या तोफा) उंटांवर होत्या, हव्या तिथे वळवता येत. मराठ्यांकडच्या इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाने अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांना मागे रेटलं होतं, पण डावीकडे विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे घोडेस्वार गोल सोडून पुढे घुसले आणि रोहिल्यांच्या बंदुकांपुढे मागे फिरले. गोल फुटला तो तिथे. रणांगण सोडून गेले म्हणून नुसत्या होळकरांवर पराभवाचं खापर फोडणाऱ्यांनी हा भाग जरूर पाहावा.

काला आंब शहरापासून आठेक किलोमीटर, उग्राखेडीजवळ. तिथे साडेबाराच्या आत पोचावं, कारण त्या सुमाराला सूर्य बरोबर दक्षिणेला येतो. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहावं, मराठी फौज साधारण तशीच उभी होती. जानेवारीच्या मध्याला इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून चाळीस अंशांच्या आतच असतो आणि मग नैर्ऋत्येकडे उतरत जातो. पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव पडले ते दुपार कलल्यावर. तोवर ऊन समोरून, धूळ उडालेली, माणसं-जनावरं उपाशी. डोळ्यांवर हात न धरता समोरचं झाड मुलांना किती वेळ बघवतं ते पाहावं. टोपी या वेळेपुरती काढून ठेवायची. पाणी आणि खाणं सोबत ठेवलेलं बरं.

उरलेल्या वेळात इब्राहिम लोदीची कबर, विटांच्या साध्या चौथऱ्यावरची. बाबराने १५२६ मध्ये इथेच लोदीला हरवल्यावर बांधलेली काबुली बाग मशीदही बघण्यासारखी आहे. दोन्ही शहरातच आहेत, पण गल्ल्या अरुंद. गाडी बाहेर लावून ई-रिक्षा करावी. घरात वयस्कर माणसं असतील तर दोन्हींऐवजी देवी मंदिर गाठावं. ते मराठा सरदाराने बांधलं असं तिथे सांगतात. इथलं पचरंगा लोणचं घ्यायचंच असेल तर बरणीचं झाकण घट्ट आहे ना ते बघून घ्यावं, आणि चारच्या आत परतीला लागावं. रविवारी संध्याकाळी दिल्लीत शिरतानाच तास जातो.