दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट, मल्चिंगची पन्नी : कुठलं कुठे जावं?

भंगारवाला दुधाच्या पिशव्या घेतो आणि वेफर्सची पाकिटं बाजूला काढतो. त्याचा हिशेब बरोबर आहे. दुधाची पिशवी पॉलिइथिलीन या एकाच प्लॅस्टिकची; धुतली, वितळवली की पुन्हा दाणा होतो. वेफर्सच्या पाकिटात पातळ थर एकमेकांना चिकटवलेले, आत ॲल्युमिनियमचा मुलामा. ते सोडवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून सोसायटी असो की ग्रामपंचायत, निदान दोन पोती वेगळी हवीतच. मिसळलेल्या पोत्याला खालचाच भाव मिळतो.

ओळखायला यंत्र लागत नाही. पन्नी दोन्ही अंगठ्यांनी ताणा. लांबली तर पॉलिइथिलीन. कडकड वाजली, ताणली गेली नाही आणि एकदा चीर पडताच सरळ फाटत गेली, तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन (हेही प्लॅस्टिकच, पण कडक) किंवा थरांचं पाकीट. शंका राहिली तर तुकडा पाण्यात बुडवून बुडबुडे झटका: पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीव्हीसी (पाइपचं प्लॅस्टिक) आणि पीईटी (पाण्याच्या बाटलीचं) तळाला जातात.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, अर्धवट कापून लटकता ठेवा. तो बोटभर तुकडा गोळा होतच नाही, गटारीत किंवा गायीच्या पोटात जातो. पिशवी घोटभर पाण्याने विसळा, ते पाणी चहात घाला (टँकरच्या दिवसांत धुण्यासाठी वेगळं पाणी कुठून आणणार?), मग उलटी करून दोरीवर वाळवा. ओल्या पिशव्यांचं पोतं पावसाळ्यात दोन दिवसांत आंबतं, आणि असा माल घेणारा पुढच्या वेळी येत नाही. अर्ध्या लिटरची पिशवी साधारण तीन ग्रॅमची, म्हणजे किलोला तीनशेच्या आसपास. एकट्या घराचा माल विकायला नेण्यात अर्थ नाही; गल्लीचा एकत्र करा.

थरांची पाकिटं डांबरी रस्त्यात घालण्यापेक्षा सिमेंटच्या भट्टीत जाळलेली बरी, असं माझं ठाम मत आहे. लातूर-धाराशिवला कलबुर्गीकडची वाडी-सेडमची भट्टी जवळ पडते. तिथे चुनखडीचं क्लिंकर (दळून सिमेंट करायचे खडे) सुमारे १४५० अंशांवर होतं. प्लॅस्टिक कोळशाच्या जागी जळतं, ॲल्युमिनियम क्लिंकरमध्ये मुरतं. अट दोनच गोष्टींची. माल कोरडा हवा, आणि त्यात पीव्हीसी नको, कारण क्लोरीनमुळे भट्टीच्या वरच्या भागात थर साचून वाट तुंबते. वाढदिवसाचे फ्लेक्स पीव्हीसीचे असतात. ते गंजीवर, गोठ्यावर झाकायला वापरा, पोत्यात कधीही टाकू नका.

खरी अडचण वाहतुकीची. सुटी पाकिटं टेम्पोभर होतात पण वजन भरत नाही. बेलरने दाबून गठ्ठे केले तरच भाडं निघतं. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याच्या प्लॅस्टिक केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. पैसे कमी पडले तर श्रेडर (बारीक तुकडे करणारं यंत्र) मागे ठेवा, बेलर आधी घ्या.

डांबरी रस्त्यात बारीक केलेली पन्नी डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के घालतात. १६०-१७० अंश तापलेल्या खडीवर आधी पन्नी, मग डांबर. उलटा क्रम केला किंवा खडी जास्त तापवली तर खडीवर लेप नीट बसत नाही, उलट धूर होतो.

हिवाळ्यात बंबाखाली पाकिटं पेटवणं मात्र आजच थांबवा. तिथे भट्टीइतकी उष्णता नसते, आणि पीव्हीसीचा तुकडा असला तर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायऑक्सिनसारखी विषं घरातल्यांच्याच श्वासात जातात.

शेतकऱ्यांसाठी मल्चिंगबद्दल, म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरलेल्या पन्नीबद्दल. जालन्याकडे टरबूज निघालं की पन्नी तशीच नांगरली जाते. काळी माती ओली असताना ती काढूच नका. चिकटलेल्या मातीचं वजन पन्नीपेक्षा जास्त होतं आणि श्रेडरची पाती बोथट होतात. ठिबक बंद करा, माती वाळून भेगा पडू द्या, मग दोघांनी दोन टोकं धरून हळू गुंडाळत जा. पातळ पन्नी हिसक्याने फाटते. जाड पन्नी महाग पडते, पण ती अखंड निघते, आणि भंगारवालाही अखंडच घेतो.