टर्बो ठीक होता

डॉक्टर मॅडमनी बॉनेट उघडायच्या आधीच एक कागद माझ्या हातात दिला. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बदलायचं एस्टिमेट, साडेचार लाख. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि दोन्हीकडे हेच उत्तर मिळालं होतं. गाडी जर्मन, ३ लिटर, ६ सिलिंडर, टर्बो पेट्रोल. सेकंडहँड घेतलेली, पण जीव लावून सांभाळलेली.

"सिग्नलला उभी असताना काही जाणवत नाही," त्या म्हणाल्या. "गायमुखच्या चढाला पाय दाबला की फुस्स असा आवाज येतो आणि ताकदच जाते. मग दिवा लागतो."

हे फुस्स त्यांनी दोन्हीकडे सांगितलं होतं. कुणी लिहून घेतलं नव्हतं. मला राग आला तो त्याचा.

स्कॅनरवर पी०२९९ हा बिघाडाचा कोड आला. ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, मागितला तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, मिळाला नाही, इतकाच त्याचा अर्थ. टर्बो कमी देतोय की दिलेली हवा वाटेत गळतेय, हे कोड सांगत नाही. म्हणून आधी इनलेट पाइप काढून टर्बोचं चाक बोटाने फिरवलं. शाफ्ट मागेपुढे हलत नव्हता, पाती हाउसिंगला घासल्याची खूण कुठेच नव्हती. असा टर्बो भंगारात काढायचा?

मग पाइपांत धूर भरून गळती शोधायची टेस्ट केली. धूर कुठूनच बाहेर आला नाही, आणि हाताखालचा पोरगा म्हणाला, "काका, पाइप ओके." ओके नव्हते. त्या मशीनचा दाब अगदी थोडा असतो, बारीक चीर त्यात उघडतच नाही. उभ्या गाडीत बूस्ट तयार होत नाही, म्हणूनच सिग्नलला काही कळत नव्हतं.

मग माझं जुनं हत्यार काढलं: पीव्हीसीचं झाकण, त्यात बसवलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. ते टर्बोच्या तोंडाशी क्लॅम्पने आवळलं आणि रेग्युलेटर लावून कॉम्प्रेसरची हवा हळूहळू सोडली. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्या भूलतज्ज्ञ. म्हणाल्या, "आम्ही रोज सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी हेच करतो. सर्किटचं तोंड बंद करायचं, प्रेशर भरायचं, टिकतं का बघायचं." वागळे इस्टेटच्या माझ्या शेडमध्ये इतक्या वर्षांत ही टेस्ट कुणाला समजावून सांगावी लागली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

५ पीएसआयला शांतता. १० ला सुई किंचित उतरली. तेवढी उतरतेच, इंजिनातून थोडी हवा जाते, त्यामुळे सुईपेक्षा कानावर भरवसा ठेवायचा. १५ पीएसआयला, म्हणजे साधारण १ बारला, फुस्स! मॅडमनी माझा दंडच धरला. "हाच! हाच तो आवाज!"

टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून थ्रॉटल बॉडीकडे, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे, जाणारा प्लास्टिकचा चार्ज पाइप होता तो. वरून नवाकोरा दिसत होता. खालून बोट फिरवलं तर तेलकट, काळा चिखल लागला. हवेबरोबर आलेला तेलाचा अंश चिरेतून बाहेर पडतो आणि त्यावर धूळ बसते. साबणाचं पाणी मारलं, मानेपाशी फेस उसळला. इंजिनाच्या उष्णतेने हे प्लास्टिक वर्षानुवर्षं कडक होत जातं. त्यात पाय उचलला की थ्रॉटल मिटतो आणि दाबाखालची हवा याच मानेवर आदळते.

पाइप उतरवला तेव्हा खरी धास्ती बसली. क्लिपजवळचा नखाएवढा तुकडा गायब होता. हा पाइप थ्रॉटलच्या अगदी तोंडाशी, तुकडा आत गेला असता तर थेट इंजिनात. थ्रॉटल उघडून टॉर्च मारला, इंटेकमध्ये कॅमेरा घातला. दीड तास गेला. शेवटी खालचा अंडरट्रे काढून वर्तमानपत्रावर झटकला आणि मातीतून तो तुकडा पडला. पाइपच्या खाचेला लावून पाहिला. बरोबर बसला, काठही जुळले. तेव्हा चहा मागवला.

इंटरकूलरच्या टोकाचा रबरी होज तेल पिऊन फुगला होता, दाबला की बोट रुतायचं. तोही बदलला. चार दिवसांनी अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आला. नवीन ओ-रिंग, तिला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात, थ्रॉटलचं तोंड पुसून कोरडं, बूस्ट सेन्सर जुन्यातून नव्यात. मग पुन्हा १५ पीएसआय. आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गायमुख. गाडी मॅडमनीच चालवली, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी. ट्रकांमध्ये मोकळी जागा मिळताच दुसऱ्या गिअरला पाय दाबला. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून वर गेल्या.

चढ संपला तशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडून लॅपटॉप घेऊन त्या दोन रेघा बराच वेळ पाहत राहिल्या. मग घड्याळ पाहिलं. "चला, साडेसातला ओटी आहे. माझ्या मशीनची टेस्ट अजून व्हायचीय."