ट्रेसिंग पेपरवरच्या रेषा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा असा मेसेज आला आणि डोळ्यासमोर पहिला आला तो डिझाइनच्या दुसऱ्या वर्षातला माझा हृदयाचा चार्ट. शाळकरी मुलांना रक्ताभिसरण समजेल असा चार्ट करायचा होता. मी जीव ओतून केला, चार कप्पे, झडपा, रक्तवाहिन्या सगळं अगदी रेखीव, आणि नावांनी चित्रात गर्दी होते म्हणून चित्रावर फक्त १ ते १२ आकडे टाकले, नावांची यादी खाली एका सुंदर चौकटीत. वर्गात सगळ्यांना आवडला.

सरांनी मार्कच दिले नाहीत. म्हणाले, आधी सातवीतल्या एखाद्या मुलीसमोर ठेव, बोट ठेवून वाचायला सांग, तिचं बोट जिथे जिथे जाईल तशी रेष ट्रेसिंग पेपरवर ओढ, आणि तू मधे एक शब्दही बोलायचा नाहीस.

हे न बोलणं फार जड गेलं. ती आकडा बघायची, खाली यादीत जायची, नाव वाचायची, वर येईपर्यंत कुठल्या नळीवर होतो तेच विसरायची, की परत खाली. फुप्फुस धमनीपाशी तर पार अडकली, कारण धमनीत शुद्ध रक्त असतं हे डोक्यात पक्कं बसलेलं आणि इथे धमनी निळी, म्हणजे अशुद्ध रक्ताची, आता हे कोडं सुटायला डोकं मोकळं हवं ना, ते तर सगळं आकडे धरून ठेवण्यात खर्ची पडत होतं. ट्रेसिंग पेपरवर शेवटी नुसता गुंता उरला.

सरांनी तो पेपर माझ्या चार्टवर ठेवला आणि विचारलं, वर्थायमर काय म्हणतो? डोळा वस्तूंचे गट कसे बांधतो याचा अभ्यास करणारा हा मानसशास्त्रज्ञ, मला तोंडपाठ होता. १९२३ चा निबंध, जवळजवळचे ठिपके डोळा एका गटात बांधतो, प्रॉक्सिमिटी. परीक्षेत लिहिलं होतं की मी हे. आणि त्याच हातांनी नाव एकीकडे आणि वस्तू भलतीकडे ठेवली होती! त्यानंतर सरांनी मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांचं कॉग्निटिव्ह लोडवरचं, म्हणजे शिकताना डोक्यावर पडणाऱ्या भारावरचं, काम वाचायला दिलं, १९८८ चा पेपर आणि पुढचं स्प्लिट अटेन्शनबद्दलचं, म्हणजे लक्ष दोन जागी वाटलं जाण्याबद्दलचं, आणि ते वाचताना मला सारखं त्या मुलीचं बोटच दिसत होतं. थिअरी माझ्या अंगात शिरली ती तिथे.

चार्ट परत केला, प्रत्येक नाव त्या त्या नळीला चिकटून, रक्ताच्या दिशेचे बाण, चौकट गेली. या वेळी मुलगी दुसरी घ्यायची, कारण पहिलीला आता उत्तरं माहीत आहेत, हेसुद्धा सरांनीच सांगितलं. मला सुचलं नसतं.

मॅडमचा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरवरचा तास पण सांगायलाच हवा. आम्ही सगळे स्क्रीनवरच्या मेनूमध्ये सातच पर्याय ठेवायचे म्हणून हटून बसलो होतो, मिलरचं ते सात अधिक-उणे दोन, एका वेळी तेवढ्याच गोष्टी लक्षात राहतात! मॅडमनी १९५६ चा मूळ लेखच वाचायला लावला. त्यात गोष्ट आहे क्षणभर लक्षात ठेवण्याची, आणि मेनू तर डोळ्यासमोर उघडा असतो, तिथे पाठ काय करायचंय? नियम कुठून आला ते बघितल्याशिवाय वापरायचा नाही, ही सवय तेव्हाची.

आता मी शैक्षणिक व्हिडिओ एडिट करते. निवेदक बोलतोय तीच वाक्यं स्क्रीनवर पण हवीत अशी मागणी जवळपास प्रत्येक वेळी येते. शिकण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं संशोधन सांगतं की चित्र आणि आवाज चालू असताना तेच शब्द छापून आले तर शिकणं बहुतेकदा अवघडच होतं, पण हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही, म्हणून मी एकाच भागाचे दोन नमुने करते, एक त्या वाक्यांसकट आणि एक त्यांच्याशिवाय, आणि पाचसहा मुलांना दाखवून त्यांनाच चित्र काढून समजावायला सांगते. यात मीही शिकले, ज्यांना ऐकू येत नाही किंवा भाषा नवीन आहे त्यांचं कॅप्शनशिवाय चालतच नाही, म्हणून मी ती चालू-बंद करता येतील अशीच ठेवते.

प्रदर्शनासाठी दोन्ही चार्ट आणि दोन्ही ट्रेसिंग पेपर पाठवतेय. एकच विनंती, ट्रेसिंग पेपर वेगळ्या भिंतीवर नकोत, ज्याचा त्या चार्टवरच लावा.