जवळचा सूर्य आणि पौषातली थंडी

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या वऱ्हाडात हातपाय गारठतात. शेकोटीपाशी मी हे सांगितले तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "जवळ आला म्हनतं, मंग शेकोटीले येऊन काहून बसत नाही बाप्पा तो?" सगळे पोट धरून हसले, तरी प्रश्न रास्तच आहे. ऋतू अंतराने ठरत नाही. पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंश कललेला असल्यामुळे हिवाळ्यात किरण आपल्याकडे तिरपे येतात आणि दिवसही लहान होतो.

मला त्याहून नवल वाटते ते हे, की २१-२२ डिसेंबरनंतर दिवस वाढू लागला तरी आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो आणि सारी वाढ संध्याकाळच्या पदरात पडते. कापूस वेचणाऱ्या बायांना हे पंचांगाशिवाय कळते, कारण बोंडांवरचे दव उडाल्याशिवाय वेचणीला हात घालता येत नाही. ओला कापूस गंजीत पिवळा पडतो आणि त्याचा भाव घसरतो.

तुरीच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खाण्याचे दिवसही हेच, आणि तेवढ्यासाठी मला पौष आणखी लांबलेला चालेल.